रिकाम्या हातांनी रानात

मनोरला रानातून परतणाऱ्या माणसाच्या हाताकडे आधी पाहतात. डोक्यावर मोळी असली, काखेत पळसाच्या पानांचा भारा असला, पिशवीतून शेवळांची टोके डोकावत असली किंवा पावसाळ्यात दोरीने बांधलेले चार खेकडे हातात लोंबत असले, तर कोणी काही विचारत नाही. हात रिकामे दिसले की विचारपूस सुरू होते. "सर, इकडे कुठे?" "जमीन बघायला गेला होता का?" नदीवर जाऊन नुसता बसलो होतो, असे मी एकदा खरे ते सांगितले, तेव्हा शेजारच्या आजींनी काळजीने विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तो प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात राहिला. मोठ्या माणसाने काही काम नसताना झाडाखाली जाऊन बसावे, याला आमच्याकडे नावच नाही. लहान मुले जातात, ती खेळायला गेली. कॉलेजची पोरे जातात, ती ट्रेकला गेली. संसारात पडलेले, चाळिशी-पन्नाशीचे माणूस मात्र रानात जाते ते कशासाठी तरी जाते. निदान सांगते तरी तसेच. हे पुस्तक त्या 'कशासाठी'चा शोध आहे. मनोर, पालघर आणि बोईसर-तारापूर या टापूतली मोठी माणसे आपल्या जवळच्या रानात, डोंगरावर, नदीवर, खाडीवर कधी जातात, कोणाबरोबर जातात, तिथे काय करतात आणि का जातात, हे पुढच्या पानांत त्यांच्याच तोंडून येईल. मला इथे या जागांची आणि त्या निमित्तांची ओळख करून द्यायची आहे, आणि या विषयावर माझे जे मत बनले आहे तेही सांगायचे आहे.

जागा आधी पाहू. मनोर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. तिथल्या मस्तान नाक्यावरून पश्चिमेला वळले की वीसेक किलोमीटरवर पालघर. मध्ये वाघोबा खिंड लागते आणि खिंडीच्या माथ्यावर काळदुर्गाचा चौकोनी कातळ उभा असतो. महामार्गाने उत्तरेला गेले की खोडकोना गाव आणि त्याच्या डोक्यावर अशेरीगड. वाड्याच्या रस्त्याला कोहोजचा किल्ला. सूर्या आणि देहर्जे या नद्या याच मुलखातून वाहत जाऊन वैतरणेला मिळतात. डोंगरावर साग, ऐन, खैर, मोह, पळस, काकड. पश्चिमेला रेल्वे ओलांडली की बोईसर, तारापूरची औद्योगिक वसाहत, १९६९ पासून वीज देणारे अणुवीज केंद्र, आणि त्यापलीकडे चिंचणी, नांदगाव, शिरगाव, केळवे ही सुरूच्या बनांची किनारपट्टी. डोंगर, नदी, खाडी आणि समुद्र एका दिवसाच्या टप्प्यात असलेला असा हा मुलूख. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून सरकारी कागदांवर त्याचे वर्णन अनेकदा झाले. पण इथली माणसे या जागा वापरतात कशा, हे त्या कागदांत सापडत नाही.

एक सकाळ सांगतो. जूनचा पहिला आठवडा होता, दोन जोरदार सरी येऊन गेल्या होत्या. शेवळे याच सुमाराला जमिनीतून वर येतात, पानांच्या आधी. ओल्या पाचोळ्यातून तपकिरी-जांभळा कोंब बोटासारखा सरळ उभा राहतो आणि तो दिसायला नजर तयार असावी लागते. आमच्या ओळखीच्या एका मावशींबरोबर मी गेलो होतो. मला तासाभरात तीन दिसली. त्यांनी तेवढ्यात निम्मी टोपली भरली. एका जागची सगळी त्या काढत नव्हत्या. चार घेतली की पुढे सरकत होत्या. शेवळे नीट करण्याचीही एक विद्या आहे. वरचे आवरण उलगडायचे, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा; तो राहिला तर घशाला खाज सुटते. उरलेल्याची खाज मारायला काकडाची आंबट फळे लागतात. म्हणून बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडेही विकायला असतात. वसई-पालघरकडच्या घरांत कोलंबी किंवा खिमा घालून शेवळांची भाजी होते तेव्हा ताटावर बसलेल्या माणसाला हे सगळे ठाऊक असतेच असे नाही.

टोपली पुरेशी भरल्यावर मावशींनी ती खाली ठेवली, ऐनाच्या बुंध्याला पाठ लावली आणि पाय पसरले. तंबाखूची डबी काढली, पण उघडली नाही, हातातच धरून ठेवली. खाली नदीचे पाणी गढूळ होऊ लागले होते. पलीकडच्या डोंगरावरून पाऊस सरकत येत होता. अर्धा तास तरी गेला असेल. मग मी विचारले, "मावशी, शेवळं नसती तर आला असतात का?" त्या हसल्या. "काम नाय त रानात कशाला जायाचा?" टोपली डोक्यावर घेताना मात्र त्या आपणहून बोलल्या: घरात सारखे कोणी ना कोणी हाक मारते, इथे कोणी मारत नाही.

या पुस्तकाचा विषय मला त्या क्षणी नीट कळला. टोपली खोटी नव्हती. त्या भाजीचे पैसे घरात लागणारच होते. पण त्या टोपलीच्या आड अर्धा तास होता आणि तो अर्धा तासही खरा होता. आपण एकाला काम म्हणतो, दुसऱ्याला विरंगुळा म्हणतो आणि दोन वेगळ्या खात्यांवर मांडतो. मावशींच्या सकाळीत ती दोन खाती नव्हती.

निसर्गात जाण्याचा माणसावर काय परिणाम होतो, याचा जगात गेली चाळीस वर्षे कसोशीने अभ्यास चालू आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिक या अभ्यासकाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामके कमी लागली. त्याच्या दोन वर्षे आधी जपानच्या वनखात्याने 'शिनरिन-योकु', म्हणजे वनस्नान, हा शब्द प्रचारात आणला होता. २०१९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार माणसांच्या पाहणीवरून दाखवले की आठवड्याला १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणारी माणसे आपली तब्येत आणि समाधान चांगले असल्याचे जास्त प्रमाणात सांगतात. हा आकडा आता डॉक्टरही सांगतात आणि तो उपयोगाचा आहे.

पण त्या पाहणीत मोजलेला वेळ विरंगुळ्याचा होता. तोच प्रश्न घेऊन कोणी मनोरच्या पाड्यावर आले आणि "गेल्या आठवड्यात विरंगुळ्यासाठी किती वेळ बाहेर होता?" असे विचारले, तर मावशी शून्य सांगतील. आयुष्यातले सगळ्यात जास्त तास झाडांखाली घालवलेल्या बाईच्या नावापुढे शून्य लागेल, आणि वर्षातून एकदा रिसॉर्टला आलेल्या पाहुण्याचे दोन दिवस नोंदले जातील. प्रश्नच असा बेतला तर उत्तर चुकणारच. इथे कोणी अशी पाहणी करणार असेल तर आधी निमित्त विचारावे आणि मग त्या निमित्ताच्या आत दडलेला वेळ शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निमित्ते पुष्कळ आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, ती ऊन चढण्याआधी वेचायची असतात. त्यासाठी झाडाखालची जमीन आधी साफ केलेली असते. मग करवंदे, जांभळे. पाऊस लागला की टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे करटोली. आणि या सगळ्यांत न्यारी वलगण.

वलगण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरतात, शेतांतून पाणी खळाळत नदीकडे धावते आणि नदीतले मासे अंडी घालायला त्या पाण्याविरुद्ध वर चढतात. हे बहुधा रात्री होते. गावात कोणीतरी येऊन "वलगण लागली" एवढेच सांगतो आणि अर्धे गाव बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. एरवी संध्याकाळी गुडघे धरून बसणारे आजोबाही निघतात. गुडघाभर पाण्यात, भर पावसात, ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावून माणसे तासन्‌तास उभी राहतात, आणि एखादी शिंगाळी निसटली की सगळे मिळून ओरडतात. घरी येणारे मासे कधी किलोभरही नसतात. पोटासाठीच जायचे असते तर मासे बाजारातही मिळतात. वर्षातली ती एक रात्र मोठ्या माणसांना पाण्यात उतरायची मुभा देते. अंडी भरलेले मासे सरसकट पकडले तर पुढच्या वर्षी नदीत उरेल काय, हा प्रश्न मात्र जुन्या माणसांनीच माझ्यापुढे मांडला, आणि ओढ्याचे सगळे तोंड जाळ्याने बंद करू नये असेही त्यांचेच म्हणणे आहे.

दुसरे मोठे निमित्त देवाचे. वाघोबा खिंडीतून जाताना गाडी थांबवून हात जोडणारे शेकडो लोक रोज दिसतात. पण वाघोबा म्हणजे फक्त ते रस्त्याकडेचे देऊळ नव्हे. वारली समाजाच्या वाघोबांच्या जागा रानात, पाड्यांच्या कडेला, झाडांखाली आहेत. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाघोबाची सुमारे दीडशे स्थाने नोंदली आहेत. बिबट्याच्या शेजाराने राहताना माणसाने देवाचे देणे द्यायचे आणि देवाने माणसाला, गुराढोरांना सांभाळायचे, असा हा करार. वाघबारशीच्या सणाला ज्या जागी जायचे असते ती जागा वर्षभर मनात असते. माझ्या एका मित्राला मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले तेव्हा तो महिनाभरही टिकला नाही. मग त्याने पाड्यामागच्या वाघोबापर्यंत जायचे ठरवले. आता तो रोज सकाळी जातो. रक्तातल्या साखरेसाठी तो उठत नव्हता, देवासाठी उठतो. याला मी भाबडेपणा म्हणत नाही. माणसाला घराबाहेर काढणारी शक्ती त्याच्या ओळखीची असावी लागते.

खिंडीतल्या माकडांना गाडीतून केळी टाकणाऱ्यांना मात्र एक सांगायचे आहे. ती माकडे आता रस्त्यावरच बसतात आणि रस्त्यावरच मरतात. पुण्य हवे असेल तर केळी घरी ठेवावीत.

रानात जाण्याचा हा हक्क इथल्या लोकांना कोणी ताटात वाढून दिलेला नाही. एके काळी याच रानांत माणसे वेठीने नेली जात. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत इथल्या डोंगरांवरून कापून जाई, आणि कापणाऱ्याच्या हाती पडे ते नगण्य. १९४५ मध्ये वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि संप केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. तलवाडा मनोरपासून लांब नाही. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो सगळा काळ आहे. ज्यांच्या आजोबांना मारहाण करून रानात नेले, त्यांच्या नातवंडांना रानात 'मजेसाठी' जाणे हा शब्दप्रयोग विचित्र वाटत असेल, तर त्याची मुळे तिथे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, नदी-तळ्यातल्या माशांवर आणि सामूहिक वनावर गावाचा हक्क मान्य केला. कागदावर का होईना, रानातली वाट पहिल्यांदा पायी जाणाऱ्याच्या नावावर झाली.

बाहेरून येणाऱ्यांची निमित्ते वेगळी. अशेरीगडावर मुंबई-ठाण्याचे ट्रेकर येतात. हा गड पोर्तुगीजांनी १५५६ मध्ये घेतला. इथले सागवान त्यांना जहाजांसाठी हवे होते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात तो मराठ्यांकडे आला. वर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड पडलेला आहे, पाण्याची टाकी आहेत आणि गुहेत अशेरी देवी आहे. ट्रेकर दगडाचा फोटो काढतो, खोडकोन्याचा माणूस देवीला नारळ फोडतो, आणि दोघे एकाच टाक्याचे पाणी पितात. मला हे दृश्य फार आवडते. न आवडणारे दृश्य पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यांखाली दिसते. बाटल्या फुटतात, गाण्यांचे आवाज डोंगरभर घुमतात, पोहता न येणारी पोरे डोहात उतरतात. मग माणसे बुडतात आणि प्रशासनाला धबधबे-धरणांवर जायला मनाई करणारे आदेश काढावे लागतात. आदेशाने जीव वाचत असतील तर तो हवाच. पण त्याने त्याच ओढ्यावर रोज कपडे धुणाऱ्या, गुरे पाजणाऱ्या बाईचीही अडचण होते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बोईसरची गोष्ट वेगळीच आहे. तिथे तिन्ही पाळ्यांत काम चालते. एका खोलीत पाच-सहा जण पाळीपाळीने झोपतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेल्या या कामगारांना इथल्या डोंगरांची नावे ठाऊक नसतात, पण सुट्टीच्या दिवशी ते चिंचणीच्या नाहीतर नांदगावच्या किनाऱ्यावर जातातच. जाऊन काय करतात? सुरूच्या सावलीत झोपतात. गावी फोन करतात. एकाने मला सांगितले, खोलीतून बोलले की आई विचारते, आवाज असा का? समुद्रावरून बोललो की विचारत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातली सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहत ठरली. तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. त्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित लवादाचे दार ठोठावले. ज्या माणसाला मोकळ्या हवेची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी यावी, हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे सौम्य नाव मला देता येत नाही.

बायकांबद्दल आणखी एक नोंद. या पुस्तकासाठी बोलताना जवळजवळ प्रत्येक बाईने आधी कोणाबरोबर गेले ते सांगितले, मग कुठे गेले ते. पुरुषाच्या बोलण्यात तसे क्वचितच येते. नोकरी करणारी, पालघरच्या सोसायटीत राहणारी बाई मोळीला जात नाही, शेवळांना जात नाही. तिची निमित्ते गावाबरोबर मागे राहिली. देवकोपच्या तळ्यावर सकाळी एकटीने जाऊन बसायचे तर ती दहा वेळा विचार करते: रस्ता सुना आहे, लोक काय म्हणतील, घरचा डबा कोण करील. पाड्यावरच्या मावशींना टोपली होती. हिच्या हातात टोपली नाही, म्हणून हिला तो अर्धा तासही नाही. शिकलेल्या, कमावत्या बाईने या बाबतीत गरीब ठरावे, हे मला या कामातून प्रथमच दिसले.

आणि जागा तर डोळ्यांदेखत बदलत आहेत. मालगाड्यांचा समर्पित मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झालेले वाढवणचे बंदर: सगळे याच जिल्ह्यात आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात किती झाडे तोडली आणि किती लावणार याचे आकडे असतात. एखादी पायवाट तुटली याचा आकडा नसतो. पाड्यापासून टेकडीपर्यंत दहा मिनिटांची वाट असते. मध्ये भराव आला, कुंपण आले, की वळसा घालून तिथे पोचायला पाऊण तास लागतो. टेकडी तिथेच असते, तिच्यावरचे ऐन-काकडही तिथेच असतात, पण माणूस जायचा थांबतो. मोठी माणसे लांबच्या सुंदर जागी क्वचित जातात. जवळच्या साध्या जागी रोज जातात. म्हणून अभयारण्याइतकीच गावामागची ती बिननावाची टेकडी महत्त्वाची आहे. इतक्या माणसांचे बोलणे ऐकल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे.

पुढची पाने वाचताना काही जणांचे बोलणे विस्कळीत वाटेल. ते आम्ही मुद्दाम सारखे केलेले नाही. भाजीविषयी बोलता बोलता माणूस मेलेल्या भावाविषयी बोलू लागतो, कारण ती टेकडी त्या दोघांची होती.

ज्यांच्या गावात सामूहिक वनहक्काच्या दाव्याचे काम चालू आहे, त्यांना एक विनंती आहे. ग्रामसभा नकाशा काढायला बसेल तेव्हा मोहाची झाडे, शेवळांची टेकडी, वलगणीचा ओढा आणि वाघोबाची जागा त्यावर घालालच. तिथवर जाणारी पायवाटही घाला, आणि म्हातारी माणसे जिथे टेकतात तो दगडही घाला. तो दगड कुठे आहे, हे पाड्यावरच्या बायकांना विचारा.